शेळ्यांकरवी झुडूप-नियंत्रण

जमिनीवर माजलेली झुडपे, काटेरी वेली, रुंद पानांची तणे आणि झाडांच्या खोडांपासून येणारी खुरटी फूट शेळ्यांचे कळप नियोजनपूर्वक चारून हटविण्याची किंवा आटोक्यात ठेवण्याची पद्धती. कुरणे मोकळी करणे, वणव्याचे जळण कमी करणे, उपद्रवी वनस्पतींचा प्रसार रोखणे आणि जेथे यंत्र वा मजूर सहज पोहोचू शकत नाहीत असे चढ-उतार साफ करणे, यांसाठी ती मुख्यतः वापरली जाते. शेळीची झाडपाला खुडण्याची सवय माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु ती उपद्रव मानावी की उपयोगाची, याविषयीचे मत देशपरत्वे व काळपरत्वे बदलत गेले. ज्या खाण्यासाठी एका प्रदेशात शेळीवाल्याला दंड भरावा लागला, त्याच खाण्यासाठी दुसऱ्या प्रदेशात त्याला मजुरी मिळाली. हा फरक कशामुळे पडतो, हाच या पद्धतीच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

आहारपद्धती व तत्त्व : गाय व मेंढी हे प्रामुख्याने गवत चरणारे प्राणी आहेत. शेळी मात्र संधी मिळेल तेथे गवतापेक्षा पाला, कोवळे शेंडे, शेंगा व साल पसंत करते. तिचे तोंड निमुळते आणि वरचा ओठ चपळ असल्यामुळे काट्यांमधील पान तिला अचूक टिपता येते. मागच्या पायांवर उभी राहून ती सु. दीड ते दोन मी. उंचीपर्यंतचा पाला खाते, आणि मोरोक्कोतील अर्गन वृक्षांवर तर शेळ्या फांद्यांवर चढून चरतात. टॅनिनयुक्त कडवट पाला ती गाई-मेंढ्यांपेक्षा अधिक प्रमाणात पचवू शकते.

झुडूप एकदा खाल्ल्याने मरत नाही. मुळांत साठविलेल्या अन्नाच्या बळावर ते पुन्हा फुटते. ही नवी फूट पुरती वाढण्यापूर्वीच शेळ्यांना परत सोडले, तर मुळांतील साठा क्रमाने घटत जातो आणि दोन-तीन वर्षांत झुडूप दुबळे होते किंवा वाळते. उलट, एकदाच चारून जमीन मोकळी सोडल्यास पूर्वीइतकाच दाट गचपणा पुन्हा माजतो. म्हणून या पद्धतीत शेळ्यांच्या संख्येइतकेच चराईची वेळ, मुदत आणि पुनरावृत्ती यांना महत्त्व आहे. जाणता वृक्ष शेळी सहसा मारू शकत नाही. ती रोपे व फुटवे मारते. झुडपे हटविण्यात तिचा जो गुण ठरतो, तोच वनाच्या पुनरुत्पत्तीत दोष ठरतो.

प्राचीन निर्बंध : शेळी हा माणसाळविलेल्या आद्य प्राण्यांपैकी एक होय. पश्चिम इराणमधील झॅग्रॉस पर्वतातील गंज दारेह येथील अवशेषांवरून सु. १०,००० वर्षांपूर्वी तेथे शेळ्या पाळल्या जात असल्याचे दिसून येते. वस्तीभोवतीच्या झुडपी रानावर वाढणारा आणि थोड्या पाण्यावर राहणारा हा प्राणी शेतीच्या प्रसाराबरोबर सर्वत्र गेला. द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा व धान्यशेती वाढू लागताच त्याच्याशी तंटाही सुरू झाला. रोमन लेखक व्हॅरो याने इ. स. पू. पहिल्या शतकातील आपल्या कृषिविषयक ग्रंथात, खंडाने दिलेल्या जमिनीत शेळीचे पिल्लू चारू नये अशी अट करारांत घातली जात असल्याचे नमूद केले आहे. इ. स. सु. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मशास्त्रग्रंथातही इझ्राएलच्या भूमीत शेळ्या-मेंढ्या पाळू नयेत, मात्र ओसाड रानात पाळण्यास हरकत नाही, असा नियम आढळतो. या दोन्ही उदाहरणांत शेळीचे खाणे तेच आहे. लागवडीच्या जमिनीत ते नुकसान ठरते आणि रानात ते खपवून घेतले जाते.

बेटांवरील अनुभव : शेळीच्या विध्वंसक शक्तीचा सर्वांत ठळक पुरावा सागरी बेटांवर मिळाला. जहाजांना ताजे मांस मिळावे म्हणून यूरोपीय खलाशी वाटेवरील निर्जन बेटांवर शेळ्या सोडून देत. दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलीना बेटावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी त्या सोडल्या. हिंस्र प्राणी नसल्याने त्यांची बेसुमार वाढ झाली. चार्ल्‌स डार्विन १८३६ मध्ये तेथे आला, तेव्हा बेटावरील जुने मोठे अरण्य नाहीसे झालेले होते. शेळ्या व डुकरे रोपे खात राहिली, जुनी झाडे वयोमानाने पडली आणि त्यांची जागा घेण्यास नवी झाडे उरली नाहीत, हे कारण त्याने नोंदविले आहे.

पॅसिफिक महासागरातील गालॅपागस बेटांवर हीच परिस्थिती विसाव्या शतकात उद्‌भवली. तेथील महाकाय कासवांचे खाद्य शेळ्यांनी फस्त केल्यामुळे १९९७ ते २००६ या काळात एक मोठी मोहीम राबविण्यात आली आणि तीत हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून एक लाखाहून अधिक शेळ्या मारण्यात आल्या. त्यानंतर मूळची झाडे पुन्हा उगवू लागली. पण सँटिआगो बेटावर रूबस निव्हियस ही मूळची आशियातील काटेरी वनस्पतीही झपाट्याने पसरली. शेळ्यांच्या चराईने ती तोपर्यंत दबून राहिलेली होती. शेळी अनिर्बंध असणे आणि ती एकाएकी नाहीशी होणे, या दोन्ही गोष्टींचे परिणाम वनस्पतिसृष्टीवर होतात, हे या घटनेवरून स्पष्ट झाले.

भूमध्य सागरी प्रदेशातील कायदे : भूमध्य सागराभोवतालच्या उघड्या पडलेल्या डोंगरांचा दोष एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील वनाधिकाऱ्यांनी प्रामुख्याने शेळीवर ठेवला. ब्रिटिशांच्या ताब्यातील सायप्रसमध्ये १९१३ च्या कायद्याने, आपल्या हद्दीत मोकळ्या शेळ्या असाव्यात की नसाव्यात हे मतदानाने ठरविण्याचा अधिकार गावांना देण्यात आला. यूगोस्लाव्हियाने त्याहून पुढे जाऊन १९५४ मध्ये शेळीपालनावरच कायद्याने बंदी घातली. ॲड्रिॲटिक किनाऱ्यालगतच्या चुनखडकी डोंगरांवर वने परत यावीत, हा त्यामागील हेतू होता. त्याप्रमाणे हिरवळ परतली, परंतु तिचा बराच भाग दाट झुडपी रानाचा होता आणि उन्हाळ्यात हे रान सहज पेट घेऊ लागले. दुसरीकडे, गरीब डोंगरी कुटुंबांचे दूध व मांस एकाएकी बंद झाले. पुढील दशकांत ही बंदी सैल पडत गेली.

अमेरिकेतील उपयोग : झुडपे हटविण्याचे साधन म्हणून शेळीचा पद्धतशीर विचार प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. जेम्स डेव्हिस या साउथ कॅरोलायनातील गृहस्थाने १८४९ मध्ये तुर्कस्तानातून अँगोरा शेळ्या आणल्या. प्रारंभी त्या काश्मिरी शेळ्या समजल्या जात. त्यांच्या लांब, चकचकीत केसांना (मोहेर) चांगला भाव असल्याने त्यांचा प्रसार पश्चिमेकडे होत गेला. जंगल तोडून नवी शेते करणाऱ्या वसाहतवाल्यांना लवकरच त्यांचा दुसरा उपयोग कळून आला. झाडे तोडल्यानंतर बुंध्यांपासून येणारी फूट दरवर्षी छाटण्याचे काम फार कष्टाचे व खर्चाचे असते. अँगोरा शेळ्या ते काम करीत आणि वर केसही देत. अमेरिकी कृषिखात्याने १९०१ मध्ये शेतकऱ्यांसाठी अँगोरा शेळीविषयी जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत या उपयोगाची शिफारस केलेली आहे. ऑरेगन राज्यातील विलामेट खोऱ्यात अशा सफाईचा विशेष प्रघात पडला.

या पद्धतीचे खरे क्षेत्र टेक्सस राज्यातील एडवर्ड्‌झ पठार हे ठरले. खडकाळ जमीन, खुरटे ओक व जूनिपरची झुडपे यांमुळे तेथे केवळ गाई पाळणे किफायतशीर नव्हते. गाई गवत खात, मेंढ्या बारीक तणे आणि शेळ्या झुडपे. म्हणून एकाच रानावर तिन्ही प्राणी एकत्र पाळण्याची रीत रूढ झाली. सोनोरा येथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्थापन झालेल्या संशोधन केंद्रात या मिश्र चराईचे दीर्घकालीन प्रयोग झाले. शेळ्यांची संख्या प्रमाणाबाहेर गेल्यास ओकची नवी रोपे उरत नाहीत आणि शेळीचेच खाद्य खाणाऱ्या हरणांची उपासमार होते, ही या रीतीची उणी बाजूही तेथे दिसून आली.

मोहेरचा भाव टिकून राहावा म्हणून १९५४ च्या राष्ट्रीय लोकर कायद्यान्वये उत्पादकांना शासकीय साहाय्य मिळू लागले. १९६५ च्या सुमारास टेक्ससमधील अँगोरा शेळ्यांची संख्या ४० लाखांच्या वर गेली. पुढे कृत्रिम धाग्यांची स्पर्धा वाढली, हे साहाय्य रद्द करण्याचा निर्णय १९९३ मध्ये झाला व १९९५ पर्यंत ते पूर्ण थांबले. शेळ्यांची संख्या काही लाखांपर्यंत खाली आली. याच काळात पठारावर जूनिपरचे आक्रमण वाढले. नैसर्गिक वणवे दाबून टाकणे हेही त्याचे एक मोठे कारण होते. परंतु कोवळी रोपे खाणारे प्राणी कमी झाल्याचा वाटाही त्यात होता. शेळी कोवळे जूनिपर खाते. वाढलेल्या जूनिपरमधील उग्र तैलद्रव्यांमुळे त्याला ती फारसे तोंड लावीत नाही. त्यामुळे मधल्या काळात मोठी झालेली झुडपे नंतर शेळ्या आणूनही हटेनात. टेक्ससमध्ये सफाईचा खर्च मोहेर भागवीत होते. मोहेरचा बाजार बसताच सफाईही थांबली.

वणवानियंत्रण : विसाव्या शतकाच्या अखेरीस सफाई हेच मुख्य आणि शेळीचे उत्पादन गौण, अशी उलट व्यवस्था निर्माण झाली. कॅलिफोर्नियातील ओकलंड व बर्कली यांमागील टेकड्यांवर ऑक्टोबर १९९१ मध्ये लागलेल्या आगीत २५ माणसे मृत्युमुखी पडली आणि तीन हजारांवर घरे जळाली. वाळलेली झुडपे घरांच्या कुंपणापर्यंत भिडलेली असणे, हे आग पसरण्याच्या कारणांपैकी एक होते. त्यानंतर त्या भागात टेकड्या साफ करण्यासाठी शेळ्यांचे कळप कंत्राटाने आणण्याची प्रथा वाढत गेली. सिमी व्हॅली येथील रेगन अध्यक्षीय ग्रंथालयाभोवतीचे सु. १३ एकर रान मे २०१९ मध्ये ५०० शेळ्यांकडून चारून घेण्यात आले होते. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला लागलेली आग ग्रंथालयाच्या अगदी जवळ आली, तेव्हा या मोकळ्या पट्ट्यामुळे अग्निशामक दलास इमारत वाचविण्यास मदत झाली. वॉशिंग्टन शहरातील काँग्रेशनल सेमिटरी या ऐतिहासिक दफनभूमीत वेलींनी झाकोळलेली झाडे थडग्यांवर कोसळू नयेत म्हणून ऑगस्ट २०१३ मध्ये शेळ्या सोडण्यात आल्या. तणनाशके न वापरता काम व्हावे, हा तेथील हेतू होता.

पोर्तुगालमध्ये २०१७ साली झालेल्या वणव्यांत शंभराहून अधिक लोक मरण पावले. ग्रामीण भागातून झालेल्या स्थलांतरामुळे शेते व चराऊ राने ओस पडून तेथे झुडपे माजली होती. म्हणून शासनाने २०१८ मध्ये शेळ्यांचे कळप वापरून रान मोकळे ठेवण्याची योजना आखली. स्पेनमधील अँडलुसिया प्रांतातही आगपट्टे चारून देणाऱ्या मेंढपाळांना मोबदला देण्यात येतो. या योजनांपुढील मुख्य अडचण शेळ्यांची नसून शेळक्यांची आहे. खेडी सोडून गेलेली पिढी परत येत नाही आणि उन्हातान्हात कळपामागे हिंडण्यास नवी माणसे सहसा मिळत नाहीत. कॅलिफोर्नियातही हे काम बहुतांशी पेरू देशातून मुदतीच्या परवान्यावर येणारे मेंढपाळ करतात.

न्यूझीलंडमध्ये गॉर्स या यूरोपातून आणलेल्या काटेरी झुडपाविरुद्ध आणि ऑस्ट्रेलियात ब्लॅकबेरी व काटेरी तणांविरुद्ध शेळ्यांचा उपयोग १९७०–९० या काळात अभ्यासिला गेला. आधी जाळून किंवा कापून झुडूप खाली आणावे व नंतर येणारी फूट शेळ्यांना चारावी, हा क्रम तेथे परिणामकारक आढळला.

प्रत्यक्ष पद्धती व मर्यादा : कंत्राटी सफाईत जमिनीचे लहान तुकडे पाडून त्यांभोवती हलके विद्युतवाहक जाळीचे कुंपण उभारतात. तुकडा चारून झाला की कुंपण पुढे सरकवितात. पाणी, खनिज मिठाचे खडे, राखणीचे कुत्रे आणि सतत देखरेख यांची गरज असते. कण्हेरीसारख्या विषारी वनस्पती आधी पाहून टाळाव्या लागतात. काही तणांच्या बिया शेळीच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतात. म्हणून नव्या जागी नेण्यापूर्वी कळप काही दिवस अलग ठेवतात. जी रोपे वाचवावयाची असतील त्यांना स्वतंत्र कुंपण करावे लागते. कारण झुडूप व रोप यांत शेळी भेद करीत नाही. उतारावर प्रमाणाबाहेर चराई झाल्यास माती उघडी पडून धूप होते.

महाराष्ट्र : महाराष्ट्रात उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी व कोकण कन्याळ या शेळ्यांच्या प्रमुख जाती आहेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात १४.८८ कोटी व महाराष्ट्रात सु. १.०६ कोटी शेळ्या होत्या. त्यांतील पुष्कळशा भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या असून त्यांची राखण बव्हंशी स्त्रिया व मुले करतात. अडीनडीला विकता येणारी शेळी म्हणजे या कुटुंबांची शिल्लकच होय. तिचा चारा मात्र बांध, गायरान, पडीक जमीन आणि जंगल यांवर अवलंबून असतो.

ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वन कायद्यान्वये राखीव जंगलांतील चराई परवान्याखाली आली आणि शेळ्यांवर बहुधा गुरांपेक्षा अधिक कडक निर्बंध आले. १८७१ च्या कायद्याने, नुकसान करणारी जनावरे कोंडवाड्यात घालून मालकाकडून दंड घेण्याची व्यवस्था केली होतीच. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात, सरकारी जंगलखात्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेळ्या-करडांनाही चरण्यास जागा राहिली नाही, अशी तक्रार मांडली आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक असंतोषाच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला.

स्वातंत्र्योत्तर काळात पाणलोट विकासाच्या कामांत हाच प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील गावांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली आणि राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत (१९९२) त्या अटी समाविष्ट झाल्या. बंदी पाळलेल्या डोंगरांवर गवत व झाडे परतली, विहिरींचे पाणी वाढले आणि कापून नेलेल्या गवतावर दुभती जनावरे पोसता येऊ लागली. तथापि ज्यांच्याकडे गाय घेण्याची ऐपत किंवा भिजणारी जमीन नव्हती, अशा कुटुंबांना शेळ्या विकाव्या लागल्या, तर या लाभात त्यांचा वाटा कोणता, हा प्रश्न अशा प्रत्येक ठिकाणी उभा राहतो. केंद्र शासनाने नेमलेल्या, सी. एच. हनुमंतराव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने १९८७ च्या आपल्या अहवालात, जमिनीच्या ऱ्हासाचा दोष एकट्या शेळीवर ठेवता येत नाही, असे मत दिले. वृक्षतोड, अतिक्रमण व सर्वच जनावरांची मोकाट चराई यांमुळे रान आधी उजाड होते. गाय जगू शकत नाही अशा रानात मग शेळी उरते आणि तिच्याकडे बोट दाखविले जाते. वन हक्क अधिनियम, २००६ याने चराईचा व भटक्या पशुपालकांच्या हंगामी वहिवाटीचा हक्क मान्य केला आहे.

जनावरांच्या चराईचा मोबदला पशुपालकाला देण्याची कल्पना मात्र महाराष्ट्राला नवी नाही. माणदेश व लगतच्या कोरडवाहू भागातील धनगर पावसाळा संपल्यावर आपले कळप घेऊन कोकणात व इतरत्र उतरतात. कापणी झालेल्या शेतात रात्री मेंढ्या-शेळ्या ‘बसविण्यासाठी’ शेतकरी त्यांना धान्य किंवा रोख रक्कम देतात. कळप दोरीच्या जाळीच्या वाघरीत कोंडला जातो आणि जागा पाळीपाळीने बदलली जाते. शेतातील धसकटे व बांधावरील पाला संपतो आणि लेंडीखत मिळते. कॅलिफोर्नियातील फिरत्या कुंपणाची रचना तत्त्वतः याहून निराळी नाही.

असे असूनही झुडूपसफाईसाठी शेळ्या भाड्याने आणण्याचा स्वतंत्र व्यवसाय येथे रुजलेला नाही. त्याचे पहिले कारण असे, की पाला व सरपण यांना गावात मागणी असल्यामुळे खाण्याजोगी झुडपे बहुधा आधीच खाल्ली वा तोडली जातात. दुसरे कारण वनस्पतींचे आहे. येथे खरोखर माजलेल्या झुडपांपैकी घाणेरी (टणटणी) शेळ्यांना विषारी असून तिच्यामुळे यकृताला इजा होते. गाजर गवताला शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. वेड्या बाभळीचा पाला त्या टाळतात, पण तिच्या गोड शेंगा आवडीने खातात आणि लेंड्यांवाटे तिचे बी दूरवर पसरवितात. अशा ठिकाणी शेळ्या सोडल्याने नको ती झुडपे उरतात व हवी ती रोपे जातात.

मूल्यमापन : विविध देशांतील अनुभव एकत्र पाहता, शेळी स्वभावतः रानाची शत्रू वा रक्षक नसून तिच्या खाण्याचा परिणाम कळपाच्या आकारावर, चराईच्या मुदतीवर आणि त्या जागी उगवणाऱ्या वनस्पतींवर अवलंबून असतो, असे दिसते. या तिन्ही गोष्टी पाळावयाच्या तर कळपामागे जाणता माणूस असावा लागतो आणि त्याचे पोट त्या कामावर भरावे लागते. सेंट हेलीनावर शेळ्यांमागे कोणीच नव्हते. यूगोस्लाव्हियात शेळीबरोबर शेळकाही रानातून दूर झाला. पोर्तुगालला तो पुन्हा शोधावा लागत आहे. महाराष्ट्रात पिढीजात जाणकारी असलेले पशुपालक आजही आहेत. तथापि चराऊ रानांचे आकुंचन, बंदिस्त शेळीपालनाकडे वाढता कल आणि नव्या पिढीचे अन्य व्यवसायांकडे जाणे यांमुळे त्यांची संख्या घटत आहे. रानाची निगा राखण्यात त्यांच्या कळपांना नियमबद्ध स्थान द्यावयाचे की नाही, हा निर्णय त्यांची जाणकारी शिल्लक आहे तोवरच घेता येण्याजोगा आहे.